फॉलो इन समवन्स फूटस्टेप्स : पावलावर पाऊल ठेवायचं, पण कुणाच्या आणि कसं?



इंग्रजीच्या तासाला येणाऱ्या वाक्प्रचारांपैकी एक आज आपण नीट समजून घेऊ या. ‘टू फॉलो इन समवन्स फूटस्टेप्स’. मराठीत याला अगदी जुळणारा वाक्प्रचार आपल्याकडे आहेच : एखाद्याच्या पावलावर पाऊल ठेवणे. म्हणजे शिकवायला सोपा. अर्थ सांगितला, एक वाक्य फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवलं, झालं काम.

पण माझं मत असं आहे की हा वाक्प्रचार इतका सोपा समजून पुढे जाऊ नये. ‘दुसऱ्याचं बघून वागणं’ ही गोष्ट मुलाच्या आयुष्यात रोज घडते. चांगलीही घडते आणि वाईटही. तेव्हा या चार शब्दांच्या निमित्ताने मुलांशी जे बोलता येतं, ते एरवी उपदेश करून बोलता येत नाही. म्हणून आधी भाषा बघू आणि मग त्यामागचा विचार.

अर्थ आणि उपयोग

‘फूटस्टेप’ म्हणजे पाऊल, पावलाचा ठसा किंवा पावलांचा आवाजसुद्धा. ओल्या वाळूत एखादा माणूस पुढे चालत गेला, की त्याची पावलं मागे उमटलेली दिसतात. मागून येणारा त्याच ठशांत पाय ठेवत गेला तर तो त्याच वाटेने जातो. यावरून अर्थ आला : आपल्या आधीच्या माणसाने जे काम केलं, जो मार्ग धरला, तोच आपण धरणे. बहुतेक वेळा हे वडील, आई, आजोबा, गुरू किंवा आदर्श मानलेली व्यक्ती यांच्याबद्दल बोलतात.

वाक्यात उपयोग असा होतो :

शी फॉलोड इन हर मदर्स फूटस्टेप्स अँड बिकेम अ टीचर. (आईच्या पावलावर पाऊल ठेवून ती शिक्षिका झाली.)

ही डिड नॉट वॉन्ट टू फॉलो इन हिज फादर्स फूटस्टेप्स. (त्याला वडिलांच्या मार्गाने जायचं नव्हतं.)

मुलांच्या तीन चुका नेहमी दिसतात. एक, ‘इन’ च्या जागी ‘ऑन’ लिहितात, कारण मराठीत आपण ‘पावलावर’ म्हणतो. दोन, ‘फूटस्टेप’ असं एकवचन लिहितात. इथे अनेकवचनच हवं, कारण एका पावलाने वाट होत नाही. तीन, ‘फादर्स’ मधला मालकी दाखवणारा ‘स’ विसरतात. शिष्यवृत्तीला बसणाऱ्या मुलांकडून एवढं घटवून घ्यावं.

याच कुळातले आणखी दोन वाक्प्रचार

मुलांना एकटा वाक्प्रचार देण्यापेक्षा त्याची भावंडं सोबत दिली तर फरक लवकर कळतो.

पहिला, ‘टू टेक अ लीफ आउट ऑफ समवन्स बुक’. इथला ‘लीफ’ झाडाचा नाही, पुस्तकाचा. म्हणजे दुसऱ्याच्या वहीतलं एक पान घेणे. त्याची एखादी चांगली सवय किंवा युक्ती आपण उचलणे. पूर्ण आयुष्याची वाट नव्हे, फक्त एक पान. शेजारचा मुलगा रात्री दप्तर भरून ठेवतो आणि सकाळी धावपळ करत नाही, हे बघून मीही तसं करू लागलो, तर ते हे.

दुसरा, ‘टू फॉलो सूट’. हा ऐकल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर कोट-पँटचा सूट येतो. पण हा शब्द पत्त्यांच्या डावातला आहे. आपल्याकडे गणपतीत रात्री जागरणाला मेंढीकोटचे डाव बसतात, त्यामुळे हे समजावणं कोकणात फार सोपं. बदामाची उतारी झाली आणि तुमच्या हातात बदाम असेल, तर तुम्हाला बदामच टाकावा लागतो. इस्पिक टाकून चालत नाही. एकाने जे टाकलं त्याच प्रकारचं दुसऱ्याने टाकणे म्हणजे ‘फॉलो सूट’. यात आदर नाही, निवड नाही. एकाने केलं म्हणून दुसऱ्यानेही लगेच तेच केलं, इतकंच. एका दुकानदाराने भाव उतरवला, बाकीच्यांनीही उतरवला, अशा ठिकाणी हा शोभतो.

गंमत बघा, आपल्या मराठीत ‘पान’ हा एकच शब्द झाडालाही चालतो, वहीलाही, पत्त्यालाही आणि जेवणाच्या पंगतीलाही. त्यामुळे वरचे दोन्ही वाक्प्रचार मुलांना ‘पान’ या एका शब्दातून शिकवता येतात. दुसऱ्याच्या वहीतलं पान घेतलं तर शिकलो; दुसऱ्याने टाकलं तेच पान टाकलं तर मागे गेलो.

आपला ‘कित्ता’

आता मराठीकडे या. आपल्याकडे पावलावर पाऊल ठेवणे आहे, री ओढणे आहे आणि कित्ता गिरवणे आहे. तिघांचे अर्थ जवळचे, पण एक नाहीत. री ओढणे म्हणजे पुढच्याने जे म्हटलं त्यालाच मागून सूर देणे. त्यात थोडी नापसंती असते. कुणी ‘तो साहेबांची री ओढतो’ म्हणालं तर ती स्तुती नसते.

कित्ता मात्र खास आपला, म्हणजे शिक्षकांचा शब्द. कित्ता म्हणजे वळणदार अक्षराचा नमुना. गुरुजींनी अक्षर काढून द्यायचं आणि मुलाने त्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचा, म्हणजे गिरवायचं. पाटीवर असो, धुळीत असो की छापील वहीत, पद्धत तीच. पहिलीच्या वर्गात आजही आपण ठिपक्यांची अक्षरं देतो, तो कित्ताच.

पण कित्त्याबद्दलची एक गोष्ट आपण विसरतो. कित्ता कायमचा नसतो. काही दिवस गिरवून झालं की तो बाजूला ठेवायचा असतो आणि मुलाने कोऱ्या ओळीवर स्वतः अक्षर काढायचं असतं. वर्गातल्या तीस मुलांनी एकच कित्ता गिरवला तरी चौथीत पोचेपर्यंत तीस जणांची अक्षरं तीस प्रकारची होतात. वही बघून आपण नाव न वाचता सांगतो, ही कुणाची. वळण कित्त्याचं आणि अक्षर मुलाचं. दुसऱ्याचा आदर्श घेण्याचा खरा अर्थ मला यात दिसतो. जन्मभर ठिपक्यांवरूनच हात फिरवणाऱ्याला स्वतःचं अक्षर कधी येत नाही.

किल्ल्यातलं पाऊल

आमच्या मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यात चुन्यात उमटलेला पायाचा आणि हाताचा एक-एक ठसा आहे. ते छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून दाखवतात. वर लहानशी घुमटी आहे. सहलीला आलेली मुलं तिथे हात जोडतात. त्या पावलावर कुणी पाऊल ठेवत नाही आणि ठेवूही नये. म्हणजे जिथे खरोखर पाऊल आहे, तिथे आपण पाऊल ठेवत नाही. मग महाराजांच्या पावलावर पाऊल ठेवायचं म्हणजे काय करायचं? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा.

माझं उत्तर असं. महाराजांनी स्वतः कुणाचं काय घेतलं ते आधी बघावं. १६६४ साली कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू झालं. समुद्रावर तेव्हा सिद्दी, पोर्तुगीज, इंग्रज यांची सत्ता चालत होती. आरमार कसं असतं, जहाजं कशी बांधतात, हे परक्यांकडून बघण्यात आणि शिकण्यात महाराजांना कमीपणा वाटला नाही. सुरुवातीला जहाजबांधणीच्या कामावर पोर्तुगीज कारागीर ठेवले होते, असं इतिहासकार सांगतात. म्हणजे ज्यांच्याशी सामना होता, त्यांच्याच वहीतलं पान घेतलं. पण जहाजं चालवायला इथलेच दर्यावर्दी उभे केले, आणि किल्ला बांधताना दरवाजा असा बुरुजांच्या आड ठेवला, की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो नवख्याला दिसत नाही. शिकले दुसऱ्यांकडून, केलं आपल्या समुद्राला बघून.

तेव्हा मुलांनी फक्त जयजयकार केला आणि चंद्रकोर लावली, तर ती वरवरची नक्कल झाली. समोरच्याकडून शिकायचं आणि आपल्या जागेवर आपलं डोकं चालवायचं, हे खरं पावलावर पाऊल.

बॅरिस्टर आणि प्राध्यापक

आमच्याच जिल्ह्याशी जोडलेलं दुसरं उदाहरण मला वर्गात सांगायला आवडतं. बॅरिस्टर नाथ पै मूळ वेंगुर्ल्याचे. १९५७ पासून ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून येत राहिले. वक्तृत्व असं, की अजून इथली जुनी माणसं त्यांच्या सभांची आठवण काढतात. कोकणात रेल्वे यावी हे त्यांचं स्वप्न होतं. जानेवारी १९७१ मध्ये ते अकाली गेले. त्याच वर्षी त्याच मतदारसंघातून प्राध्यापक मधु दंडवते निवडून आले.

दंडवते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत पदार्थविज्ञान शिकवणारे. ते नाथ पैंसारखं बोलायला गेले नाहीत. त्यांनी आपल्या अभ्यासू पद्धतीने काम केलं. १९७७ ते १९७९ ते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या काळात. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं तेव्हा रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते आणि अर्थमंत्री दंडवते. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रूळ पडले आणि जानेवारी १९९८ मध्ये रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा पूर्ण मार्ग प्रवाशांसाठी खुला झाला.

एकाने स्वप्न सांगितलं, दुसऱ्याने ते पुढे नेलं, तिसऱ्या-चौथ्याने पूर्ण केलं. कुणीही कुणाचा आवाज, कपडे किंवा ढब उचलली नाही. उचललं ते काम. पूर्वीच्या माणसाचं राहिलेलं काम पुढे नेणं हा ‘फूटस्टेप्स’चा सगळ्यात चांगला अर्थ आहे, असं मला वाटतं.

अजून एक छोटं उदाहरण क्रिकेटवेड्या मुलांसाठी. सचिन तेंडुलकरचे गुरू रमाकांत आचरेकर यांचा जन्म मालवणचा. ते स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. म्हणजे शिष्यांनी शब्दशः त्यांच्या पावलावर पाऊल ठेवलं असतं तर एका सामन्यावर थांबले असते! त्यांचे शिष्य बघा : सचिन उजव्या हाताने खेळणारा, विनोद कांबळी डावखुरा, बलविंदरसिंग संधू गोलंदाज, चंद्रकांत पंडित यष्टिरक्षक. एकाचा खेळ दुसऱ्यासारखा नाही. सरांकडून घेतली ती मेहनत आणि शिस्त.

डॉक्टरचा मुलगा डॉक्टर, आणि बाकीचे?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. गाइडमध्ये या वाक्प्रचाराचं एक ठरलेलं वाक्य असतं : ‘वडिलांच्या पावलावर पाऊल ठेवून तो डॉक्टर झाला.’ कधी डॉक्टर, कधी वकील, कधी सैन्यातला अधिकारी. किनाऱ्यावरच्या शाळेत हे वाक्य फळ्यावर लिहिलं, की मुलं एकमेकांकडे बघतात. अशाच एका तासाला एकाने मला सरळ विचारलं, “गुरुजी, माझो बापूस रापणीक जाता. मगे मी काय लिवू?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्याला म्हटलं, तेच लिही. आणि त्याने लिहिलं, त्याच्या इंग्रजीत : माय फादर इज अ फिशरमन, आय वॉन्ट टू फॉलो इन हिज फूटस्टेप्स. व्याकरणात खोट नव्हती. वर्गातली दोन-तीन मुलं हसली. मला काळजी वाटली ती त्या हसण्याची.

कारण ते हसणं मुलांनी आपल्याकडूनच शिकलेलं आहे. आपण नकळत सांगत असतो, की पावलं काही ठरावीक लोकांचीच असतात. डॉक्टरच्या मुलाने डॉक्टर होणं म्हणजे पावलावर पाऊल, आणि रापणकाराच्या मुलाने रापणीला जाणं म्हणजे ‘शिकला नाही वाटतं’. ज्यांनी रापण पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : होडीने समुद्रात अर्धवर्तुळात जाळं टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंचे दोर माणसं मिळून ओढतात. पुढच्याशी पाऊल जुळलं नाही तर दोर येत नाही. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. वारा, भरती-ओहोटी, पाण्याचा रंग हे सगळं त्या माणसांना कळतं, आणि ते कुठल्याही पुस्तकात बघून आलेलं नसतं. हे ज्ञान नाही तर काय?

इथे कुणाचा गैरसमज नको. मच्छीमाराच्या मुलाने मच्छीमारच व्हावं असं मी मुळीच म्हणत नाही. ज्याचा जन्म ज्या घरात, त्याने तेच काम करावं, या सक्तीने आपल्या समाजाचं काय नुकसान केलं ते आपण जाणतो. सावित्रीबाई फुले १८४८ मध्ये पुण्यात मुलींना शिकवू लागल्या तेव्हा त्यांच्यासमोर बायकांची पावलं फारशी उमटलेली नव्हती. त्यांनी ठेवलेल्या पावलावर आज लाखो शिक्षिका चालतात. म्हणून दोन्ही वाक्यं मुलांना यायला हवीत : ‘मला त्यांच्या मार्गाने जायचंय’ आणि ‘मला त्यांच्या मार्गाने जायचं नाही’. दोन्ही वाक्यं मान ताठ ठेवून म्हणता यायला हवीत. समुद्राचं काम सोडणाऱ्यालाही बापाची लाज वाटू नये आणि धरणाऱ्यालाही स्वतःची वाटू नये, एवढंच माझं म्हणणं.

आणि हो, गाइडच्या वाक्यात नेहमी वडील आणि मुलगाच का? बाजारात मासळी विकून घर चालवणारी आई, अंगणवाडी सांभाळणारी आई, तिची पावलं कुणी मोजायची? मुलींकडून आईचं वाक्य आवर्जून लिहून घ्या.

सगळीच पावलं घेण्यासारखी नसतात

आता दुसरी बाजू. दुसऱ्याचं बघून वाईटही तेवढ्याच लवकर शिकलं जातं. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण उगाच नाही आली.

आमच्या किनाऱ्यावरचंच सांगतो. समुद्रात प्रखर एलईडी दिवे लावून मासळी एका जागी गोळा करायची आणि उपसायची, यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. तरी असं करणारे आहेत, आणि पारंपरिक मच्छीमार त्याविरुद्ध ओरडत आहेत. यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य कुठलं? ‘तो करतो मग आम्ही का नको?’ हे म्हणजे ‘फॉलो सूट’. एकाने पान टाकलं, दुसऱ्याने टाकलं, तिसऱ्याने टाकलं. डाव संपेल तेव्हा समुद्रात कुणालाच काही उरणार नाही. यावर आपल्या आजीकडे एकच उत्तर होतं : एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये.

पत्त्याच्या डावात बदामावर बदाम टाकणं हा नियम आहे. आयुष्यात तसा नियम नाही. तिथे हातातलं दुसरं पान टाकायची मोकळीक प्रत्येकाला आहे. परीक्षेत शेजाऱ्याचं बघून लिहिणाऱ्या मुलाचंही हेच. ‘सगळे करतात’ हे त्याचं उत्तर त्याने मोठ्यांकडूनच उचललेलं असतं.

म्हणून शेवटी बोट आपल्याकडे येतं. मुलं आपण काय सांगतो यापेक्षा आपण काय करतो ते गिरवतात. गुरुजी रोज वाचा म्हणतात, पण गुरुजींच्या हातात कधी पुस्तक दिसत नाही, तर मूल कुठला कित्ता घेणार? बाबा खोटं बोलू नको म्हणतात आणि फोनवर ‘मी निघालोय’ असं घरात बसून सांगतात, तर मूल कुठल्या पावलावर जाणार? आपली इच्छा असो वा नसो, आपली पावलं उमटतच असतात.

वर्गात करून बघा

१. मुलांना घरातल्या किंवा वाडीतल्या एका माणसाला विचारायला सांगा : हे काम तुम्ही कुणाकडून शिकलात? सुतार, गवंडी, दशावतारातला नट, भजनातला पखवाजवाला, कुणीही चालेल. दशावतारी कलाकार छापील संहितेशिवाय, मोठ्यांचं बघून-ऐकून शिकतात आणि भाषण रंगमंचावर स्वतः रचतात. त्यांची उत्तरं फार छान येतात.

२. वहीत तीन रकाने करून घ्या : ‘या माणसाचं मी काय घेईन’, ‘काय घेणार नाही’ आणि ‘त्यात माझं काय घालीन’. तिसऱ्या रकान्याला घाई करू नका. तो उशिरा भरतो.

३. मग त्याच माहितीवरून वरच्या तीनपैकी योग्य वाक्प्रचार वापरून एक इंग्रजी वाक्य. पाठ केलेलं वाक्य चालणार नाही, हा एकच नियम.

असं केल्यावर वाक्प्रचार विसरत नाहीत, कारण त्यात मुलाचं स्वतःचं माणूस असतं. आणि इंग्रजी ही दुसऱ्या कुणाची, डॉक्टर-वकिलांच्या मुलांची भाषा आहे, हा धाकही कमी होतो. रापण, होडी, आई, आजोबा हे सगळं इंग्रजीत सांगता येतं, हे मुलाला कळणं मला गुणांपेक्षा मोठं वाटतं.

तुमच्या वर्गात पुढच्या वेळी हा वाक्प्रचार आला, की गाइडमधलं डॉक्टरचं वाक्य जरा बाजूला ठेवा आणि मुलांना विचारा : तुझ्या पुढे कोण चाललंय?